सॉक्रेटिस तसं म्हणालाच नव्हता

तलावपाळीच्या कट्ट्यावर परवा एका काकांनी फोनवरचा मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवला. आजची मुलं चैनीला सोकावलीत, वडीलधारे आले तरी उठत नाहीत, गुरुजींना छळतात. खाली नाव सॉक्रेटिसचं. "बघा, अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय!"

नाही ठेवलेलं. सॉक्रेटिसने स्वतःचं काहीच लिखाण मागे ठेवलं नाही. त्याचं बोलणं आपल्याला कळतं ते मुख्यतः प्लेटो आणि झेनोफन या त्याच्या शिष्यांमुळे, आणि त्यांच्याकडे हे वाक्य सापडत नाही. ते आलं केंब्रिजच्या केनेथ जॉन फ्रीमन या अभ्यासकाच्या प्रबंधातून. प्राचीन ग्रीक शिक्षणावरचा हा प्रबंध १९०७ साली छापला गेला. तरुणांबद्दलच्या जुन्या ग्रीक तक्रारींचा गोषवारा त्याने त्यात आपल्या शब्दांत दिला होता. पुढे कुणीतरी खाली वजनदार नाव चिकटवलं, झालं.

गंमत पुढेच आहे. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सने सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला, तेव्हा त्याच्यावरचा एक आरोप होता तरुणांना बिघडवल्याचा. म्हणजे स्वारी तक्रारदार नव्हतीच, आरोपी होती!

काकांना हे सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "असेल बुवा, पण त्यात खोटं काय आहे?"

आता काय बोलणार? दर नोव्हेंबरात यांचा हयातीचा दाखला नातच फोनवर चेहरा टिपून भरते. आणि तिच्या कॉलेजची निम्मी फी जाते यांच्या पेन्शनमधून.