कोलेस्टेरॉल तपासणी, निरोगी व्यक्तींची

कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर मेद ठरावीक अंतराने मोजण्याचा प्रघात. प्रयोगशाळेच्या कागदावर या तपासणीचे नाव ‘लिपिड प्रोफाइल’ असते. इंदूरच्या मराठी घरांत नुसते ‘कोलेस्ट्रॉल’. छातीत दुखते म्हणून किंवा मधुमेह आहे म्हणून केलेली तपासणी या नोंदीच्या कक्षेबाहेरची आहे. धडधाकट माणसांतून धोका असलेल्यांना वेगळे काढणे हा येथे हेतू असतो, म्हणून तिला चाळणी तपासणी म्हणतात. अशा तपासण्यांसाठी विल्सन व युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी दहा निकष मांडले. कोलेस्टेरॉल त्यांतील बहुतेकांवर उतरते : रोग गंभीर, लक्षणांआधीचा काळ लांब, चाचणी सोपी, उपाय हाताशी. वाद उरतो तो कोणाची, कोणत्या वयापासून आणि किती वर्षांनी तपासणी करावी एवढ्यापुरता. पण तो अजून मिटलेला नाही.

नाव व शोध : पित्ताशयातील खड्यांतून हा पांढरा, मेणचट पदार्थ प्रथम वेगळा केल्याचे श्रेय फ्रेंच वैद्य पुलतिए द ला साल यांना देतात. त्यासाठी सामान्यतः १७६९ हे वर्ष सांगितले जाते. काही लेखक ते दहाएक वर्षे मागे नेतात. पुलतिए यांनी हे काम स्वतः प्रसिद्ध केले नाही, त्यामुळे ‘अठराव्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. शेव्ह्रल यांनी त्याला ‘कोलेस्टेरीन’ हे नाव दिले. त्याचा काळही कुठे १८१५, तर कुठे १८१६ असा आढळतो. ग्रीक भाषेत ‘कोले’ म्हणजे पित्त व ‘स्टेरेऑस’ म्हणजे घट्ट. पुढे बेर्तलो यांनी तो रासायनिक दृष्ट्या अल्कोहॉल असल्याचे दाखवले आणि नावाच्या शेवटी ‘ऑल’ आले. पित्ताच्या खड्यातला हा पदार्थ हृदयविकाराशी जोडला गेला तो बऱ्याच उशिरा. व्हिंडाउस यांना १९१० मध्ये रोगट महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) भिंतीत तो निरोगी भिंतीपेक्षा कितीतरी पट सापडला. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत तसेच थर उत्पन्न केले. ससा शाकाहारी प्राणी, शिवाय कुत्रे व उंदीर यांच्यात तसे घडेना, म्हणून हा प्रयोग बरीच वर्षे बाजूला पडला. आज मागे वळून पाहता आनिच्कोव्ह यांची दिशा योग्य होती असे मानण्याकडे कल आहे. माणसांतला पुरावा अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून चाललेल्या पाहणीने दिला. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान यांना ‘जोखीम घटक’ म्हणण्याची पद्धतही याच पाहणीतून रूढ झाली.

मापन : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली लीबरमान-बुर्खार्ड अभिक्रिया अनेक दशके प्रयोगशाळांतून चालली. ॲसिटिक अनहायड्राइड आणि तीव्र गंधकाम्ल मिसळले की नळीतला द्राव आधी निळसर व मग पाचूसारखा हिरवा होतो. त्या हिरवेपणाच्या गडदपणावरून प्रमाण काढीत. पाण्याचा अंश राहिला किंवा वेळ थोडा चुकला तरी आकडा हलत असे. १९७० नंतर विकरांवर (एन्झाइमांवर) आधारलेल्या पद्धती आल्या. त्यांत कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते व त्यापासून लालसर रंग उमटतो. यंत्र आता हे काम काही मिनिटांत करते. तरीही एकाच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल काही दिवसांच्या अंतराने मोजले तर पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला तर आकडा चढतो, आडवे पडून रक्त दिले तर उतरतो. मोठ्या आजारपणात तो खाली येतो, गरोदरपणात व थायरॉइड मंदावल्यावर वर जातो. एका चाचणीतला १९८ व दुसरीतला २०६ या दोन आकड्यांत म्हणून काही अर्थ शोधू नये.

ज्याला लोक ‘वाईट कोलेस्ट्रॉल’ म्हणतात ते एलडीएल पुष्कळ ठिकाणी मोजले जात नाही, गणिताने काढले जाते. फ्रीडवाल्ड यांचे १९७२ चे सूत्र असे : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (म्हणजे ‘चांगले कोलेस्ट्रॉल’) वजा करावे, मग ट्रायग्लिसराइड या रक्तातील दुसऱ्या मेदाचा पाचवा हिस्सा वजा करावा. समजा, उपाशीपोटी एकूण २१२, एचडीएल ३८ व ट्रायग्लिसराइड १९० मिग्रॅ. प्रति डेसिलिटर आहे. एलडीएल येते १३६. आता हाच माणूस आदल्या रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू आणि मावाबाटी खाऊन सकाळी सातला रक्त देतो. एकूण व एचडीएल जवळजवळ तेच राहते, ट्रायग्लिसराइड २६० होते; एलडीएल दिसते १२२. म्हणजे खाणे झाल्यावर वाईट कोलेस्टेरॉल कमी झाल्यासारखे भासते! दोष सूत्राच्या गृहीतकाचा आहे : जेवणानंतर रक्तात येणाऱ्या मेदकणांत ट्रायग्लिसराइड फार व कोलेस्टेरॉल थोडे असते, त्यांना पाचचा भागाकार लागू पडत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले तर हे सूत्र वापरूच नये. याउलट एकूणातून एचडीएल वजा करून उरणारे ‘नॉन-एचडीएल’ दोन्ही वेळा १७४ च येते. डेन्मार्कमध्ये २००९ पासून उपाशी राहण्याची अट काढून टाकली आहे, युरोपीय तज्ज्ञांनी २०१६ मध्ये तीच शिफारस केली आणि भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ मध्ये ती स्वीकारली. बारा तासांच्या उपासाचा आग्रह आता ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्यांपुरता उरला आहे.

मतभेद : अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाने २००१ मध्ये विसाव्या वर्षापासून दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली. तेथीलच प्रतिबंधक सेवा कार्यदलाने त्याच वर्षी पुरुषांसाठी ३५ व स्त्रियांसाठी ४५ ही वयोमर्यादा धरली व त्याआधी केवळ जोखीम असलेल्यांची तपासणी करावी असे म्हटले. मुलांबाबत तर दोन टोके आहेत : २०११ मध्ये एका तज्ज्ञगटाने नऊ ते अकरा वर्षांच्या सर्वच मुलांची तपासणी सुचवली, आणि कार्यदलाने २०२३ मध्ये त्यासाठी पुरेसा पुरावा नसल्याचे सांगितले. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयात पाच वर्षांतून एकदा सरकारी तपासणी असते. भारतात २०२४ च्या वरील शिफारशींत पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी असे आहे.

सरसकट तपासणी नको म्हणणाऱ्या प्रतिपक्षाचा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. डेन्मार्कमधील इंटर-९९ या चाचणीत लोकांना बोलावून जोखीम मोजली, सल्ला दिला; दहा वर्षांनंतर हृदयविकाराच्या प्रमाणात फरक दिसला नाही. सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवरील चाचण्या एकत्र पाहणारा कॉक्रेन आढावा (२०१२, सुधारित २०१९) मृत्यूंबाबत त्याच निष्कर्षाला येतो. हे असे का होते ते गणितातून समजते. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गटातील औषधाने एलडीएल सुमारे ३९ मिग्रॅ. उतरवले तर हृदयविकार-पक्षाघाताचे प्रसंग साधारण एक पंचमांशाने घटतात. ज्या शंभर जणांत दहा वर्षांत वीस प्रसंग घडायचे, तेथे चार टळतात. ज्या शंभरांत दोनच घडायचे, तेथे एक टाळण्यासाठी अडीचशे जणांना दहा वर्षे गोळी घ्यावी लागते. आकडा तोच, वय, रक्तदाब, तंबाखू आणि साखर यांनुसार त्याचा अर्थ बदलतो. ३० वर्षांच्या माणसाची दहा वर्षांची जोखीम जवळजवळ नेहमीच अल्प निघते, हे मात्र या गणिताचे उणेपण. रोहिण्यांतला थर वर्षानुवर्षे साचतो, आणि दक्षिण आशियाई लोकांत पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी, ५३ च्या आसपास, येतो असे इंटरहार्ट या अनेक देशांतल्या अभ्यासात आढळले.

या सर्वांचा विचार करता तरुणपणी एकदा मोजणे, ते ठीक असल्यास पाचएक वर्षांनी पुन्हा पाहणे, हा मार्ग प्रस्तुत नोंदकाराला सर्वांत सयुक्तिक वाटतो. जोखीम नसलेल्या माणसाने दरवर्षी तपासणी करण्याला भक्कम आधार नाही.

इंदूरमधील व्यवहार : सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील सर्वांचा रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग तपासण्याची योजना आहे, कोलेस्टेरॉल तीत नाही. जोखीम काढण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांचा एक प्रकारही कोलेस्टेरॉलऐवजी उंची-वजनावर चालतो. त्यामुळे निरोगी माणसाची ही तपासणी येथे मुख्यतः खासगी प्रयोगशाळांत, ‘फुल बॉडी चेकअप’च्या संचात होते. रामबाग किंवा लोकमान्य नगरात सकाळी सात वाजता सॅम्पल नेणारा मुलगा लहानसा बर्फाचा डबा घेऊन जिन्यावर दिसतो. दंडावरचा कापूस निघायच्या आत आजोबा पोहे-जलेबीच्या दुकानाकडे वळलेले असतात. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो, त्यातला लाल आकडा घरभर वाचला जातो. बीपी किती, तंबाखू आहे का, हे त्या कागदावर नसते, आणि घाबरणे किंवा निर्धास्त होणे दोन्ही अर्ध्या माहितीवर घडते. हा प्रकार क्लेशदायक आहे, कारण दोन मिनिटांच्या विचारपूसीने तो टळू शकतो.

आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल : सुमारे अडीचशेंत एकाला हा दोष जन्मतः असतो. एलडीएल अनेकदा १९० च्या पुढे असते, क्वचित पापण्यांवर पिवळट चट्टे किंवा टाचेमागच्या स्नायुबंधात गाठी दिसतात. पुष्कळांत बाहेरून काहीच दिसत नाही. अठराव्या वर्षीच्या तपासणीचे सर्वांत बळकट समर्थन हेच. एकाला दोष सापडला की त्याच्या आईवडील, भावंडे व मुलांपैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून सर्वांचे रक्त तपासतात. इंदूरची मराठी कुटुंबे देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर, पुणे अशी पांगलेली असल्याने कुलवृत्तान्त बहुधा एखाद्या आत्याला किंवा मोठ्या काकूलाच ठाऊक असतो. तिच्याकडून ‘ते झोपेतच गेले’, ‘ॲसिडिटी झाली आणि संपलं’ असे उत्तर येते. अशा वेळी त्यांचे वय विचारून लिहून घ्यावे; पुरुष ५५ च्या आत व स्त्री ६५ च्या आत गेलेली असल्यास त्या घरातील तरुणांची तपासणी पुढे ढकलू नये.