दागिन्यांतील करडा रंग, उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट

हाताने घडवलेल्या दागिन्याची रचना दुरून नजरेत भरते ती आधी उजेड-अंधाराच्या फरकामुळे आणि मग रंगामुळे. एखादा रंग काळ्या आणि पांढऱ्याच्या दरम्यान कुठे बसतो, तो त्याचा उजळपणा. चित्रकलेच्या वर्गात यालाच व्हॅल्यू म्हणतात. शेजारच्या दोन घटकांच्या उजळपणात अंतर जितके जास्त, तितका कॉन्ट्रास्ट ठळक. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या रंगपद्धतीत उजळपणाची उभी पट्टी आहे: ० म्हणजे काळा, १० म्हणजे पांढरा आणि मधल्या साऱ्या पायऱ्या करड्या.

सारख्याच उजळपणाचे लाल आणि हिरवे मणी आलटून पालटून ओवले, तर जवळून माळ भडक वाटते, पण चार पावले मागे सरकले की नक्षी विरून जाते. मण्यांचा काळा-पांढरा फोटो काढला की ही उणीव लगेच उघडी पडते. डोळे किलकिले करून पाहणे हा त्याहून जुना उपाय, आणि काम करता करता तोच जास्त सोयीचा पडतो.

करडा रंग तटस्थ समजला जातो, पण शेजार बदलला की तोही बदललेला भासतो. पॅरिसमधल्या गोबेलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्याच्या रंगकाम विभागातले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये या परिणामाचे सविस्तर विवेचन केले. लाल खड्याजवळचा करडा मणी किंचित हिरवट वाटतो, निळ्याजवळचा किंचित पिवळसर-नारिंगी. म्हणून करडा मणी एकटा पाहून न निवडता खड्याशेजारी ठेवूनच निवडावा.

करड्या सामग्रीत हेमॅटाइट आणि लॅब्राडोराइट ही खनिजे, ताहितीचे मोती, पोलाद, टायटॅनियम असे बरेच काही येते. चकचकीत हेमॅटाइटवर जवळजवळ काळा भाग आणि पांढरी चमक एकाच मण्यात दिसतात. मॅट, म्हणजे चकाकी काढलेला मणी मात्र सलग करडा राहतो. पारदर्शक मण्यांचा उजळपणा आतल्या दोऱ्यावर आणि खालच्या त्वचेवरही अवलंबून असतो.

करड्याच्या अनेक पायऱ्या एकाच धातूतून मिळतात त्या काळवलेल्या चांदीत. पोटॅशियम सल्फाइडच्या कोमट द्रावणात चांदी बुडवली की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर अशा छटा येतात आणि शेवटी गडद करडा किंवा काळा. हवी ती छटा दिसताच दागिना काढून स्वच्छ पाण्यात धुतात. त्यानंतर उंचवटे घासून उजळवले की खोलगट जागी काळेपणा राहतो आणि कोरीवकाम उठून दिसते. घासणे किती आणि कुठे थांबवायचे, यातच कारागिराची नजर कळते. सगळेच उंचवटे सारखे चमकवले तर खोली असूनही काम सपाट वाटते. मोती, फिरोजा आणि ओपल ही प्रक्रिया आटोपल्यावरच बसवावेत, कारण द्रावणाने त्यांची हानी होऊ शकते.

सर्वांत तीव्र कॉन्ट्रास्ट शक्यतो एकाच जागी ठेवावा: उदाहरणार्थ, काळवलेल्या कोंदणात एकच फिका मोती, आणि बाकी भागात जवळजवळच्या करड्या छटा. दागिना कशावर दिसणार, हेही आधीच ठरवावे लागते. गडद केसांलगतचे काळवलेले कानातले हरवून जाते; अशा वेळी त्याची बाहेरची कड तेवढी घासून उजळ ठेवली, तरी आकार स्पष्ट उमटतो.