गाडीचं बॉनेट म्हणजे अळवाचं पान नाही

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी नवी काळी गाडी घेतली, लगेच सिरॅमिक कोटिंग मारून घेतलं आणि तीन महिन्यांत बॉनेटवर पांढरे गोल डाग दिसल्यावर "कोटिंग बोगस निघालं" असं सगळ्यांना सांगत सुटले. कोटिंग चांगलं होतं हो, घोळ बोअरच्या पाण्याचा होता.

कोटिंग म्हणजे काचेच्याच जातीचा, सिलिकाचा जेमतेम 1-2 मायक्रॉनचा थर. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. नुसती काच पाण्याला धरून ठेवते, म्हणून या थरात मिथाइलसारखे सेंद्रिय गट असतात, ते पाण्याला जवळ येऊ देत नाहीत आणि पाणी पसरायच्या ऐवजी थेंब होऊन बसतं.

आता खरी गंमत इथे आहे. अळवाच्या पानावर मेणाचे बारीक उंचवटे असतात, थेंबाखाली हवा अडकते, थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा कोन 150 अंशांच्या वर जातो आणि थेंब घरंगळतो. कोटिंगवर हा कोन 100-110 च्या आसपास, म्हणजे थेंब गोल दिसतो पण सपाट बॉनेटवर तसाच बसून राहतो. ऊन लागलं की पाणी उडतं, क्षार उरतात. थेंबाची कड जागची हलत नाही, त्यामुळे पाणी कमी होईल तसा थेंब चपटा होत जातो, कोन 90 च्या खाली गेला की कडेचं पाणी मधल्यापेक्षा जास्त वेगाने उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना क्षार घेऊन जातं. म्हणून कडं उमटतं, कॉफीच्या डागासारखं. आणि एरवी पातळ पसरले असते ते क्षार इथे एका ठिपक्यात गोळा होतात, म्हणून कोटिंगवाल्या गाडीवर डाग उलट जास्त उठून दिसतात.

तेव्हा गाडी सावलीत धुवायची आणि पाणी सुकायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. शॅम्पू पीएच न्यूट्रल, कपड्याची पावडर नको. पक्ष्याची घाण दिसली की लगेच ओली करून काढा. सकाळी एकच बादली आणि एकच फडकं घेऊन दहा गाड्या पुसतात ते तर बंदच करा, कारण कोटिंगच्या कडकपणासाठी जाहिरातीत मिरवतात तो "9एच" हा आकडा पेन्सिलीच्या कडकपणाचा आहे, हिऱ्याच्या जवळपासचा वगैरे नाही, आणि धुळीतले क्वार्ट्झचे कण आरामात ओरखडे पाडतात. जाहिरातवाले हे सांगणार नाहीत.

बंपरला लिंबू-मिरची बांधून नजर लागत नाही असं म्हणतात, ओरखडे मात्र लागतातच. लिंबातलं आम्ल क्षारांचे डाग विरघळवतं हे खरंय, पण लिंबू थेट घासू नका. व्हिनेगरमध्ये तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून सावलीत, गार पत्र्यावर एखादं मिनिट ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. डाग ताजा असेल तर जातो, जुना असेल तर पॉलिशवाला गाठावा लागतो, आणि पॉलिशबरोबर कोटिंगही जातं.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, मग आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतो की! अहो, गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. त्याने जिना पुसा.