घडाईकाम, विदर्भातील

तापवून मऊ केलेल्या लोखंडाला घणाच्या ठोक्यांनी आकार देण्याचे काम. ओतकामात धातू वितळते, घडाईत ती घनच राहते. विदर्भाच्या खेड्यांत हे काम लोहार किंवा खाती करतात. घिसाडी व गाडी लोहार हे फिरते कारागीर आहेत. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातींविषयक ग्रंथात लोहार, खाती, घिसाडी व पांचाळ एकाच नोंदीत घातले आहेत. प्रत्यक्षात हे समाज एक नव्हेत.

प्राचीनत्व : नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथील शिलावर्तुळांच्या (दगडांच्या वर्तुळांनी वेढलेल्या प्राचीन दफनांच्या) उत्खननांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्यांचे लगाम अशा लोखंडी वस्तू सापडल्या. काही चपट्या कुऱ्हाडींवर दांडा जखडण्यासाठी आडव्या-तिडव्या पट्ट्या बसवलेल्या आहेत. नेढे (दांड्यासाठीचे भोक) न पाडता दांडा घट्ट धरण्याची ही युक्ती विदर्भाची खूण मानली जाते. शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या नायकुंड उत्खननात (१९७८–८०) वक्र विटांची भट्टी, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहमळी (लोखंड काढताना निघणारा टाकाऊ भाग) मिळाली. भट्टीचा काळ सामान्यतः इ. स. पू. सातव्या शतकाच्या आसपास धरतात. शिलावर्तुळांच्या या संस्कृतीचा आरंभ काही अभ्यासक इ. स. पू. १००० पर्यंत मागे नेतात. लोहविद्या दक्षिणेतून आली की इथेच रुजली, याबद्दल एकमत नाही. खनिज, कोळसा आणि भट्टी जवळजवळ आढळत असल्याने स्थानिक उत्पादनाची बाजू अधिक सबळ वाटते; त्यावरून उगमही इथलाच ठरतो असे मात्र नव्हे. आजच्या खात्यांचा या कारागिरांशी सलग संबंध जोडणे तर धाडसाचेच.

जुन्या भट्टीत लोखंड वितळत नसे (शुद्ध लोखंडाचा वितळबिंदू १,५३८° से.). मळीने भरलेला सच्छिद्र गोळा निघे. तो वारंवार तापवून ठोकला की मळी बाहेर पडे. म्हणजे घडाई ही धातू शुद्ध करण्याचीही पायरी होती. चंद्रपूर-गडचिरोलीकडे लोहारा, सुरजागड येथे उत्तम खनिज असूनही गावठी भट्ट्या मागे पडल्या आणि खाती तयार लोखंड, पुढे मोडीतला माल घडू लागले. आज ट्रकच्या कमानीचे पाटे पसंत करतात, कारण ते पोलाद पाणी चांगले धरते, म्हणजे तापवून पाण्यात बुडवल्यावर चांगले कडक होते.

पद्धती : ऐरण, घण, हातोडा, सांडशी, छिन्नी व भाता (आता हाताने फिरवायचा पंखा) एवढ्यावर काम चालते. लांबवणे, आखूड करून जाड करणे, वाकवणे, नेढे पाडणे या क्रिया लाल ते नारिंगी तापावर होतात. जोड मात्र पांढऱ्या तापावरच बसतो. पृष्ठावरची पापडी (तापलेल्या लोखंडावर धरणारा थर) वितळून निघावी म्हणून वाळू किंवा टाकणखार टाकतात. ताप थोडा चुकला तरी जोड वरून बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या धक्क्यात सुटतो. धारेला पाणी देताना केवळ धार बुडवतात. मागच्या अंगाची उष्णता धारेकडे परतते आणि घासलेल्या भागावर रंग चढतात. पिवळसर छटेवर थांबवली तर धार कडक राहते, निळ्यावर गेली की चिवट होते. हा निर्णय डोळ्यांचा असल्याने भट्टी सावलीत असते.

बैलगाडीच्या चाकाची धाव (चाकाभोवतीची लोखंडी पट्टी) चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवून गोवऱ्यांच्या आगीत फुगवतात, चाकावर चढवतात व पाण्याने आकसवतात. रबरी चाकांमुळे हे काम बहुतेक संपले.

वखर व डवरा या शेती अवजारांची झिजलेली पास (लोखंडी पाते) तापवून, ठोकून पुन्हा पातळ करणे म्हणजे पाजणे. पावसाळ्यापूर्वी याचीच गर्दी असते. मोबदला पूर्वी धान्यात मिळे, आता रोखीत. कुऱ्हाड, विळा, खुरपे, सब्बल ही इतर कामे. फिरत्या समाजांत घण बहुधा स्त्रिया मारतात, तर पुरुष सांडशीने लोखंड धरून लहान हातोड्याने ठोक्याची जागा दाखवतो.