ग्रामीण गॅस एजन्सी: सोडत लागते, पण अर्ज जागेच्या कागदावर अडतो

गावाकडची गॅस एजन्सी कुणाला मिळणार हे सोडतीने ठरतं. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही कंपन्यांची निवड-नियमावली 2016 पासून एकच आहे. तरी प्रकरणं उच्च न्यायालयात जातातच. तिथे वारंवार येणारा प्रश्न एकच: अर्जाच्या शेवटच्या तारखेला गोदामाची जागा कागदोपत्री अर्जदाराकडे होती का?

बाकीची पात्रता सोपी आहे. भारतीय नागरिक, दहावी पास, वय 21 ते 60. घरात आधीच एजन्सी असेल तर अडचण येते. ठिकाण राखीव असेल तर जातीचा दाखला लागतो.

खरी मेख जागेत आहे. जागा स्वतःच्या किंवा नियमात बसणाऱ्या कुटुंबीयांच्या मालकीची हवी, नाहीतर किमान 15 वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा हवा. नोटरी केलेला करार चालत नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो, हे 1908 च्या नोंदणी कायद्यातच आहे. आपल्याकडे सातबारा बहुधा सामाईक असतो: वडील, काका, आत्या, सगळ्यांची नावं. अशा वेळी सहहिस्सेदारांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र अर्जाआधीच करून घ्या. काका तोंडी ‘हो’ म्हणाले असतील, पण पडताळणीला आलेला अधिकारी कागदच मागणार. वारसाची फेरफार नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे आधी जा. गोदामापर्यंत बारमाही रस्ता आहे का आणि प्लॉटवरून विजेच्या तारा जातात का, हेही स्वतः उभं राहून बघा.

सोडतीत नाव आलं की एजन्सीसाठी ठरलेल्या अनामतीच्या 10 टक्के रक्कम भरायची, मग प्रत्यक्ष पडताळणी होते. सगळं जुळलं तर इरादापत्र, म्हणजे एजन्सी देण्याचा इरादा कळवणारं कंपनीचं पत्र, मिळतं. अर्जातली माहिती खोटी निघाली तर निवड रद्द होते आणि भरलेली रक्कमही जाते.

अन्याय झाला असं वाटत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, नाकारल्याचं कारण लेखी मागा आणि माहिती अधिकारात पडताळणी अहवाल मिळवा. त्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तुमची जागा चांगली की निवड झालेल्याची, हे न्यायालय सहसा तोलत नाही. कंपनीने स्वतःचे नियम सर्वांना सारखे लावले का, एवढंच ते पाहतं. मात्र उशीर करू नका. समोरच्याचं गोदाम उभं राहून सिलिंडर वाटप सुरू झालं, की दाद मिळणं फार कठीण होतं.