बोंडअळी कोणाच्या पापानं येत नाही

कपाशीचं बोंड फोडलं, आत गुलाबी अळी निघाली की आमच्या ख्रिस्ती मंडळीतही (चर्चमध्येही) कुजबुज सुरू: "घरात काही पाप झालं असंल. देव पवित्र आहे, खपवत नाही."

देव पवित्र आहे हे खरं, पण हिशेब खोटा. यरुशलेम शहरात शिलोह इथला बुरूज कोसळून 18 माणसं मेली; ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का? बायबलातल्या लूकच्या 13व्या अध्यायात येशू स्वतःच विचारतो, 'नाही' म्हणतो, अन् ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. पाऊसही नीतिमान-अनीतिमान दोघांच्या वावरात पडतो (मत्तय 5:45).

मग न्याय कुठं? बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 5व्या अध्यायात. पवित्र देव न्यायीपणानं पवित्र ठरतो, हे तिथंच आहे. अन् धिक्कार आहे तो शेताला शेत जोडत दुसऱ्याला जागाच न ठेवणाऱ्यांचा. ही ओळ बांधावर कोणी काढत नाही. बांध कोरणारे तर नाहीच नाही.