फ्रँचायझी करार: कायदा कुठला आणि न्यायालय कुठलं?

अमेरिकेतल्या फ्रँचायझी करारात शेवटी-शेवटी दोन कलमं बहुधा एकाखाली एक येतात. वाद झाला तर कोणत्या राज्याचा कायदा लावायचा, हे पहिलं सांगतं. खटला कुठे चालवायचा, हे दुसरं. दोन्हींत सहसा कंपनीच्या मुख्यालयाचंच राज्य लिहिलेलं असतं, म्हणून वाचणारा ती एकच समजतो. तशी ती नाहीत. कॅलिफोर्नियातला न्यायाधीश पेनसिल्व्हेनियाचा कायदा लावून निकाल देऊ शकतो.

1985 च्या बर्गर किंग खटल्यात हा फरक स्पष्ट झाला. दुकान मिशिगनमध्ये, कंपनी फ्लोरिडातल्या मायामीची. करारात फ्लोरिडाचा कायदा होता, पण खटला फ्लोरिडातच चालेल असं बंधन नव्हतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायद्याच्या कलमातून फ्लोरिडाच्या न्यायालयाला आपोआप अधिकार मिळत नाही. मात्र दीर्घ मुदतीच्या व्यवहाराबरोबर ते जमेस धरता येतं. बाकीची परिस्थिती पाहून फ्लोरिडातला खटला वैध ठरला.

माझ्या मते छोट्या दुकानदाराला जास्त घातक असतं ते ठिकाणाचं कलम. दुसऱ्या टोकाला जाऊन वकील लावायचा, साक्षीदार न्यायचे, त्या काळात दुकान कोणी पाहायचं? बाजू खरी असूनही माणूस तिथेच हार मानतो. म्हणून राज्यांनी मुख्यतः यावर घाव घातला. राज्यात चालणाऱ्या फ्रँचायझीचा वाद बाहेरच्या न्यायालयात नेण्याची अट कॅलिफोर्नियाच्या कायद्यात निरर्थक ठरते. याच आधारे 2000 साली केंद्रीय अपील न्यायालयाने जीएनसी या पोषणपूरकं विकणाऱ्या कंपनीविरुद्धचा खटला पेनसिल्व्हेनियाला पाठवायला नकार दिला. न्यू जर्सीत हे काम न्यायालयाने केलं: 1996 च्या सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं सकृतदर्शनी अवैध मानली. ही अट लादलेली नाही, खरोखर वाटाघाटीतून आली, हे कंपनीने दाखवायचं. खर्चाच्या ओझ्यापुढे फ्रँचायझीधारकाला कायद्याने दिलेलं संरक्षण पोकळ ठरतं, हे तिथल्या न्यायाधीशांनी ओळखलं, याचं मला फार महत्त्व वाटतं.

कायद्याच्या कलमाचं तसं नाही. ते सरसकट रद्द होत नाही. परराज्याचा कायदा लिहून राज्याने दिलेलं संरक्षण मात्र काढून घेता येत नाही, कारण हे हक्क सोडून देण्याचा करारच या राज्यांत निरर्थक ठरतो.

लवाद, म्हणजे न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडून निवाडा, आला की चित्र पालटतं. केंद्रीय लवाद कायदा राज्याच्या कायद्यावर मात करतो, हे 1984 मध्ये सेव्हन-इलेव्हन या किराणा दुकानांच्या साखळीतल्या दुकानदारांच्या खटल्यातच ठरलं. 2001 मध्ये कॅलिफोर्नियाची वरची तरतूदही लवादाच्या ठिकाणाला लागू होत नाही, असा निकाल आला. इलिनॉयच्या कायद्यात तर बाहेरच्या न्यायालयाची अट निरर्थक, पण लवाद राज्याबाहेर चालेल, असं लिहूनच ठेवलं आहे. म्हणजे जे संरक्षण मिळालं असं वाटतं, ते लवादाच्या एका ओळीने निसटतं.

सही करण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला माहितीपत्रक द्यावं लागतं. त्याच्या 17 व्या बाबीतल्या तक्त्यात लवाद, न्यायालयाचं ठिकाण आणि लागू कायदा यांच्या तीन वेगळ्या ओळी असतात. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात दुकान घेणाऱ्या मराठी मंडळींनी त्या तिन्ही आणि त्या राज्यासाठी जोडलेली पुरवणी वकिलासमोर ठेवावी, आणि लवादासाठी कोणतं शहर लिहिलं आहे, हे आधी विचारावं.